म्हाळूची कल्हई

उमापूर
१४ मार्च २०२५

आत्या,

पाया पडतो. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि सिदूदादाच्या मोबाइलवर काही पाठवलं तर तो तुला दाखवत नाही. म्हणून पत्रच बरं. तुझ्या चष्म्याला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. आधी रफ वहीत लिहिलं, मग उतरवून काढलं.

धर्मराजशेठच्या सोलरच्या दुकानात मला आता चौथं वर्ष लागलं. आयटीआय पहिल्याच वर्षी सुटली, पण वायरींचं काम हाताला चांगलं बसलं आहे. त्रास कामाचा नाही, माणसांचा आहे. परवा एका घरून तक्रार आली की वीज कमी येते. शिडी लावून वर गेलो तर चार पॅनलवर कुरडया वाळत घातलेल्या. बाईला म्हणालो, काकू, हे काय? तर म्हणते, "काच हाय, सोच्छ हाय, तापती बी लई. तुला काय तरास?" चिकट चीक काचेवर वाळून बसला होता. नखानं खरवडावा लागला. दुसऱ्या घरी इन्व्हर्टरच्या पंख्याच्या जाळीत गुटख्याची पिंक. ती मी कापसाच्या बोळ्यानं काढली आणि त्या दिवशी जेवलो नाही.

गावचे पुढारी बबनराव यांनी जुन्या बॅटऱ्या काढून लिथियमचं नवं कपाट बसवलं. पूजा झाली तेव्हा जाळीतून आत हळद-कुंकू टाकलं. ते दात घासायच्या ब्रशनं काढायला मला दोन तास लागले. बबनराव मागं उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, "आता आपुन सूर्यावर चालतो," आणि बोलता बोलता कुंडीत थुंकत होते.

त्यांच्या जुन्या चोवीस बॅटऱ्या आमच्या दुकानामागच्या बोळीत येऊन पडल्या. शिशाच्या बॅटऱ्या कंपनीच्या केंद्राला परत द्यायच्या असतात, तसा फॉर्म असतो. मी तो सुवाच्य भरला, सही केली. पण शेठ म्हणाले, "तितवर गाडी कोन नेतंय बे? लाव कुठंतरी वाट." पंधरा दिवस तेजाब झिरपत होतं. एका कुत्र्याचा पाय सोलून निघाला. शेवटी दरवर्षी येणारा म्हाळू कल्हईवाला भेटला. गोदावरीत मासे धरणाऱ्यांना जाळ्याला लावायला शिसं लागतं, म्हणाला. त्यानं ओढ्यात नेऊन बॅटऱ्या फोडल्या आणि शिसं पोत्यात भरून नेलं. तेजाब वाळूत ओतलं. मी तिकडं पाहिलं नाही. पण बोळी स्वच्छ झाली.

पाडवा झाला की म्हाळू परळीच्या बाजूला निघणार आहे. तुझ्या लग्नातलं तांब्याचं पातेलं, पितळी तपेल्या त्याच्याकडून करून घे. मोहिनीवहिनींचं डोहाळजेवण आहेच. माझं नाव सांग, काम चोख करील.

तुझा
हरिओम


सिरसाळा
९ एप्रिल २०२५

हरी,

तुजं पत्र पावलं. लिवायला बसले की म्हैस सुटती, म्हैस बांदली की पावनं येत्यात, म्हनून उशीर झाला. कुरडयांवरून बायांसंगं भांडत बसलास तर तुला पोरगी कोन देनार रं? आरं, वाळल्या दोन कुरडया, सूर्य काय आटतूय का?

तुजा म्हाळू आलता. तीन दिस आमच्या दारातल्या लिंबाखाली भाता लावून बसलाता. मी तुजं नाव सांगितलं तर उठून पाया पडला. मग आख्ख्या गल्लीनं भांडी आनली. बायडाबाईनं तर सासूच्या वक्ताची परात काडली, जी कवा कुनाला दावली न्हवती. माज्या पातेल्यात आता तोंड दिसतंय. माज्या वटावरची लव सुदिक दिसली, मग पाह्यचं सोडून दिलं. आदीची कल्हई पांढुरकी असायची, ही जरा निळसर हाय, पन चकाकी लई.

अन् एक नवल सांगू? कैरीचं सार ह्या पातेल्यात करून ठिवलं तर सकाळी गोडसर लागतंय. गूळ न घालता. म्हाळू म्हनला, कल्हई चांगली बसली की असंच हुतं. मोहिनीला आंबटाचेच डोहाळे. वाटीवर वाटी पेती. चिंचेचं सार, कैरीचं सार, ताकाची कढी, सगळं त्यातच करते. माज्या चार बाळंतपनात मला कुनी आंबाडीची भाजी इचारली न्हाई, म्हनून म्हनलं हिचं तरी पुरवावं. सिदू म्हनतूय, आई, तू तिला डोक्यावर बशीवलंस. बशीवलं तर बशीवलं.

डोहाळजेवन येत्या आयतवारी हाय. तू येनार न्हाईस, मला ठावं हाय. माज्या पत्र्यावर ते सोलर कवा बशीवतूस तेवडं सांग. पंख्याबिगर पोटुशी बाई उन्हाळा कसा काडनार?

आत्या


उमापूर
२४ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र मिळालं. डोहाळजेवण नीट झालं असेल.

एक तातडीची विनंती आहे. त्या भांड्यांत आंबट काही करू नकोस. खरं तर काहीच करू नकोस. कैरी, चिंच, ताक, टोमॅटो, काहीच नको. स्टीलची भांडी वापर. म्हाळूची कल्हई यंदा तितकीशी चांगली झालेली नाही, असं माझ्या कानावर आलं. उन्हाळ्यात ती उतरते. सविस्तर पुढं लिहीन. वहिनींना तर त्यातलं अजिबात देऊ नकोस.

सार गोड लागतं हे तू लिहिलंस. ते चांगलं लक्षण नाही.

इकडं हनुमान जयंतीचा सप्ताह झाला. पंगतीच्या मोठ्या कढयांनाही म्हाळूनंच कल्हई केली होती. मी पंगतीला बसलो नाही, पोट बिघडलं आहे म्हणालो. लोक वरणात हात बुडवून ओरपत होते, बोटं चाटत होते, आणि "यंदा वरनाला काय चव हाय!" म्हणत होते. मला पाहवेना. घरी आलो आणि हात धूत बसलो.

सोलरचं जमवतो.

हरिओम


सिरसाळा
६ मे २०२५

हरी,

म्हंजे माजी भांडी घान व्हय? तूच म्हनलास कर म्हनून, अन् आता तूच म्हनतूस वापरू नको. कानावर आलं म्हंजे कुनी सांगितलं? तुज्या आईनं काय भरवलं का? तिला माज्या तांब्याच्या पातेल्याचा पैल्यापासून डोळा. तुजं बी सोवळं दिसंदिस वाडतच चाललंय. पंगतीत बसायला लाज वाटती, लोकायचं खानं बघून हात धुतूस. आपुन मेंढरं राखनारी मानसं हावोत बाळा. आपल्या ताटात लेंडी पडली तर बाजूला सारून खाल्लंय आपुन.

डोहाळजेवन चांगलं झालं. शंभर मानूस जेवलं. पन मोहिनीचं मातर काय खरं न्हाई. पोटात पिळा पडतूय म्हनती अन् पाय पोटाशी घिऊन पडती. आठ-आठ दिस पोट साफ न्हाई. वकाऱ्या येत्यात. काल हातातला तांब्या सुटला, म्हनली मनगटात जोरच न्हाई. सिदू म्हनतूय नाटक हाय, कामाचा कटाळा. मला बी तसंच वाटतंय. मी सातव्या म्हैन्यात मेंढरांमागं नारायनगडापस्तोर चालत गेलते. तरी म्हनलं तोंडाला चव यावी म्हनून सकाळ-सांजच्याला कैरीचं सार देते. तेवडंच तिला जातंय.

तू बाईमानसाच्या चुलीत डोकं घालू नको. सोलरचं बघ.

आत्या


उमापूर
११ मे २०२५

आत्या,

वहिनी नाटक करत नाहीत. हे वाक्य सिदूदादालाही वाचून दाखव.

मी काल त्याला फोन केला होता. भांड्यांचं सांगितलं तर म्हणाला, "तू सोलरवाला हायस का डाक्टर बे?" आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही.

आता स्पष्ट लिहितो. म्हाळूनं कथलात शिसं मिसळलं आहे. कथील महाग झालं म्हणून. ते शिसं बबनरावांच्या त्या चोवीस बॅटऱ्यांतलं आहे. मासे धरणाऱ्यांना त्यानं काही विकलं नाही. शिसं विष आहे. आंबटात ते उतरतं, आणि जिभेला गोड लागतं, म्हणून कळत नाही. बॅटऱ्यांच्या प्रशिक्षणात आम्हाला जो कागद दिला होता, त्यात हे छापलेलं आहे. पोटात पिळा, पोट साफ न होणं, मनगटातला जोर जाणं, हेही त्यात आहे. पोटातल्या बाळापर्यंत ते जातं, हेही आहे.

तुझा माझ्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडला आहे. पातेलं कोरडं पुस. कागदाचा हा भाग पातेल्याच्या तळाला आतून जोरात घास. नुसत्या कथलाचा डाग पुसट पडतो. शिसं असेल तर शिसपेन्सिलीसारखी काळी रेघ उमटेल. मी आमच्या घरच्या तांब्यावर करून पाहिलं आहे. मग हेच पान मला परत पाठव.

आणि पत्र वाचून होताच वहिनींना अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात ने. डॉक्टरांना "शिसं" हा शब्द सांग. तेवढा एक शब्द सांगितला तरी पुरे.

हे मला नुकतंच कळलं. कळताच लिहितो आहे.

हरिओम


सिरसाळा
१७ मे २०२५

हरी,

तुजंच पान पाठीवते. खालच्या कोऱ्या जागंत पाच रेगा हायत. वरची पातेल्याची. मग दोन तपेल्या, तांब्या, अन् शेवटची बायडाबाईच्या परातीची. सगळ्या काळ्या. बायडाबाईनं रेग बघून परात उंबऱ्याभाईर ठिवली. तिच्या घरात पाच लेकरं हायत.

मोहिनी अंबाजोगाईला भरती हाय. डाक्टरला शबूद सांगितला. त्यो आदी हसला, मग मी पातेलं पोत्यातनं काडून त्याच्या टेबलावर ठिवलं, मग हसला न्हाई. रगत पुन्याला पाठीवलंय. मी दिसभर तिच्या उशापाशी बसते अन् माज्या हाताकडं बघते. ह्याच हातानं वाटी धरलीती मी. "पी माय, तोंडाला चव यील" म्हनून. ती नको म्हनायची तर मी रागं भरायची.

आता दुसरं. काल मोहिनी जरा बोलली. म्हाळू लिंबाखाली बसलाता तवा ती दारातच वाती वळत हुती. बायडाबाईनं त्याला इचारलं, तुजं कथील निळं कावून दिसतंय? तर त्यो म्हनला, "तुमच्या हरिओमसायबानं सोताच्या डोळ्यानं बघितलंय मला दोनी एकत्र वितळिताना. चार वर्सं सोलरचं शिकलेला मानूस. उभा राहून बघितलं अन् काय बोलला न्हाई. वंगाळ असतं तर बोलला नसता का?" हे ऐकून बायडाबाईनं परात आनली. हे ऐकून समदी गल्ली आली.

मंजी म्हाळू हितं यायच्या आदीच तुला ठावं हुतं. अन् तू लिवतूस, आत्ताच कळलं.

तुजं अक्षर लई देखनं हाय. एक काना-मात्रा चुकत न्हाई. मला एवडंच लिव, तू कवा बघितलंस? तारीक लिव. अन् एवडं घाईचं हुतं तर एसटीत बसून कावून आला न्हाईस? उमापूर काय लंकेत हाय?

दगडाबाई


उमापूर
२२ मे २०२५

आत्या,

२६ मार्च. बुधवार, सकाळी अकराच्या सुमारास.

हे पत्र मी रफ वहीत लिहिलेलं नाही. जसं येतंय तसं लिहितो.

तो मारुतीच्या देवळामागं सप्ताहाच्या कढया करत होता. मी पॅनल धुवायला पाइप आणायला गेलो होतो. त्यानं मुशीत कथलाची कांडी टाकली आणि मागोमाग पोत्यातून आमच्या बॅटरीतली शिशाची जाळी काढून टाकली. मी ओळखली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पाइप घेतला आणि निघून आलो. का बोललो नाही ते सांगतो. त्या फॉर्मवर माझी सही होती, बॅटऱ्या केंद्राला परत दिल्या म्हणून. बोललो असतो तर बॅटऱ्या कुणाच्या, कुणी दिल्या, हे निघालं असतं. बबनरावांना सौर घराचा सत्कार मिळणार होता, तो अडला असता. शेठनं काढून टाकलं असतं. मला वाटलं, म्हाळू कदाचित तुझ्याकडं जाणारच नाही. मग तुझं पत्र आलं, सार गोड लागतं म्हणून. त्यानंतर मी तुला चार पत्रं लिहिली, त्यातली तीन फाडली. कधी वाक्य नीट बसेना, कधी माझं नाव फार पुढं यायचं. चौथ्यातून माझं नाव पूर्ण काढलं, तेव्हा ते उतरवून काढलं. तेच तुला २४ एप्रिलला पाठवलं. एसटी रोज सकाळी सातला सुटते. मी तिच्याकडं रोज पाहत होतो.

तुझं पान मिळालं त्याच दिवशी देवळात गेलो. लोक बसले होते. कढईच्या तळाला माझा पांढरा रुमाल घासला आणि सगळ्यांना दाखवला. सगळं सांगितलं, फॉर्मसकट. एक जण म्हणाला, "आरं, यंदाचा परसाद तर लई गोड हुता की." दुसरा म्हणाला, "धूर लागला आसंल, घास राखंनं." बबनराव उठून आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "देवाच्या कढईला नाव ठिवतूस व्हय? तुज्या बापाला मेंढरं चारायला गायरान कुनी दिलं, इसरलास?" तोंडाला वेलदोड्याचा वास होता. मला तिथंच ओकारी आली. लोकांना वाटलं मी घाबरलो. घाबरलो होतोच. फक्त दोन बाया दुसऱ्या दिवशी आपली भांडी झाकून माझ्याकडं घेऊन आल्या. शेठनं कामावरून काढलं. फॉर्मची झेरॉक्स मी ठेवली आहे, ती तालुक्याला देणार आहे.

म्हाळूलाही शोधलं. पलीकडच्या वस्तीवर होता. त्याच्यावर ओरडायचं ठरवून गेलो होतो. तो जेवत होता. बायको वाढत होती, त्याच निळ्या कल्हईच्या भगुण्यातून आंबट वरण. तो हसला तेव्हा त्याच्या हिरड्यांच्या कडेला निळी रेघ दिसली. मनगट खाली लोंबत होतं, घास उचलताना दुसऱ्या हातानं आधार देत होता. म्हणाला, "वंगाळ कसं आसंल सायब? मी बी त्यातच खातो की. या, बसा, घासभर खावा." त्याला खरंच माहीत नव्हतं. माहीत असलेला तिथं मी एकटाच होतो.

सोमवारी सातच्या गाडीनं येतो. भांडी मी घेऊन जाईन.

हरिओम


सिरसाळा
१ जुलै २०२५

हरी,

तू सोमवारी आलास, दारातच उभा राह्यलास, पानी बी घेतलं न्हाईस. गल्लीतली बावीस भांडी पोत्यात भरून नेलीस. मागनं त्या केंद्राची पावती पाठीवलीस, तीबी मिळाली. बायडाबाई पावती बघून म्हनली, सासूची परात गेली अन् कागूद आला. तिचं बारकं पोरगं अजून पोट धरून बसतंय. मला तुला शिव्या द्याच्या हुत्या. पन तू मान खाली घालून परात पुसून पोत्यात ठिवत हुतास, जशी काय वापस वापरायची हाय, तवा मला किळस आली अन् शिव्या तोंडातच राह्यल्या.

मोहिनी २८ तारखंला बाळातीन झाली. पोरगी हाय. बाळातपनाच्या दीड महिना आदीच डाक्टरनं तिचं शिसं उतरवायचं औषद सुरू केलतं. पोरगी लई बारीक हाय, माज्या दोन वंजळीत मावती. डाक्टर म्हनतूय, आत्ता काय सांगता येत न्हाई. दर तीन म्हैन्याला रगत बघू. बसती कवा, चालती कवा, बोलती कवा, ते बघत राहू. मंजी दोन वर्सं आमी तिच्या तोंडाकडं बघत बसायचं. रडती म्हनं चांगली. मला तेवडा बारीक आवाज ऐकू येत न्हाई. तोंड उघडलेलं दिसतं, अन् वटाची थरथर दिसती, त्यावरून मी समजते.

सिदूनं मोहिनीच्या पायावर डोकं ठिवलं. तिनं पाय वडून घेतलं. मी बी ठिवलं असतं, पन मी सासू पडले. मी तिला रोज ताक देते, स्टीलच्या पेल्यात. आदी मी पेते, मग ती. ती म्हनती, कशाला. मी म्हनते, आसू दे.

आमच्या पत्र्यावर सोलर बशीवायचं म्हनलंते. सिदू आता दुसऱ्या दुकानात इचारून आलाय. मी त्या मानसाला म्हनलं, ऊन कुटून येतं ते मला ठावं हाय. तुजी जुनी बॅटरी मेली की कुटं जाती ते आदी लिवून दे. त्यो म्हनला, म्हातारे, असं आजवर कुनी इचारलं न्हाई. गेलाय लिवून आनायला. अजून आला न्हाई.

नऊ तारखंला बारसं हाय. मोहिनी म्हनती, हरिओमभावजींना बोलवा, त्यांनी तो शबूद लिवला म्हनून डाक्टरला कळलं. हे तिचं म्हननं हाय. माजं न्हाई. माजं तुज्यासाटी अजून काय म्हननं तयार झालं न्हाई.

तरी ये. सातच्या गाडीनं ये, पत्र लिवत बसू नको. अन् पोरीला घ्याच्या आदी बाहेरच्या नळावर हात धू. साबनानं, कोपरापस्तोर. मी तितं उभी राहून बघनार हाय.

दगडाबाई